उशिरा येणाऱ्यांची वही: सोलापूरच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी आणि शिक्षण विभागातील अधिकारी यांस

विषय: शाळेतील शिस्त आणि मुख्याध्यापकाचे काम

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत 31 वर्षे शिकवले आणि नोकरीचे शेवटचे 22 महिने त्याच शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळेचे नाव येथे लिहीत नाही. जे सांगायचे आहे ते तिच्यापुरते नाही, आणि त्यातल्या बऱ्याच चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

निवृत्त झाल्यापासून जुने सहकारी कधी लग्नकार्यात, कधी नव्या पेठेत खरेदी करताना भेटतात आणि बोलणे हटकून एकाच मुक्कामाला येते. मुले ऐकत नाहीत, उलटून बोलतात, मोबाइलवर शिक्षकांच्या नकला करून टाकतात, वाढदिवसाला चौकात फलक लावून ‘भाई’ म्हणवून घेतात. छडी काढून घेतली आणि हातात दुसरे काही दिले नाही, असा त्या बोलण्याचा शेवट असतो. या तक्रारी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. नववीच्या एका मुलाने भर वर्गात बाईंना शिवी दिली तेव्हा मी योगायोगाने दारात होते. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ खडू शोधत राहिल्या. खडू त्यांच्या हातातच होता. हे पाहिल्यानंतर ‘मुले म्हणजे फुले’ असले बोलणे माझ्याने होत नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे की, शाळेतल्या वागण्याचा विचार आपण मुलांपासून सुरू करतो, तो मुख्याध्यापकाच्या खुर्चीपासून सुरू करायला हवा. मला हे ज्या प्रसंगाने कळले तो आधी सांगते.

आमच्याकडे अकराची घंटा झाली की फाटक बंद होई. त्यानंतर येणाऱ्यांनी कार्यालयासमोर रांगेत उभे राहायचे, एका लांबट वहीत नाव, इयत्ता, तुकडी आणि उशिराचे कारण लिहायचे, मैदानाला फेरी मारायची आणि मग वर्गात जायचे, अशी जुनी पद्धत होती. तिसऱ्यांदा नाव आले की पालकांना बोलावणे जाई. कारणाच्या रकान्यात मुले वरच्याचे पाहून ‘बरे नव्हते’ एवढेच लिहीत आणि आम्हीही तो रकाना कधी वाचत नसू. आठवी ‘ड’मधला एक मुलगा या वहीत सारखा येई. एका सकाळी पंधरा-वीस मुलांच्या देखत मी त्याला म्हणाले, ‘‘पुन्हा उशीर झाला तर दाखला हातात देईन.’’ तो गप्प राहिला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. ती मला दिसली होती आणि हा वाटेत खेळत आला असणार, असा मी तिचा अर्थ लावला होता.

दुपारी चहा ठेवताना आमचे शिपाईमामा हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, आज त्यांच्याकडं पाणी होतं.’’

सोलापूरकराला हे वाक्य फोडून सांगावे लागत नाही. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असून शहराच्या कितीतरी वस्त्यांना वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी मिळत आले आहे आणि पाण्याच्या दिवशी घरातल्या एकाला तरी नळापाशी थांबावेच लागते. या मुलाचे वडील यंत्रमागावर पाळीने जात, आईला वळलेल्या विड्या सकाळीच कारखान्यात पोचवाव्या लागत, आणि बॅरल भरायला उरे तो हाच. त्या रविवारी मी ती वही घरी नेली आणि तारखा लावून पाहिल्या. वस्तीनिहाय नावे वेगळी काढल्यावर ज्या तारखांना एकाच भागातली सात-आठ मुले एकदम उशिरा आली होती, त्या त्या भागाच्या पाण्याच्या तारखा निघाल्या. वही आमच्या कार्यालयात कित्येक वर्षे होती. ती भरून घेणारे आम्ही सगळे पदवीधर आणि बी.एड. झालेले, आणि ती वाचली शिपाईमामांनी, तीही न उघडता.

पुढच्या आठवड्यापासून पाण्याच्या दिवशी त्या त्या भागातल्या मुलांना पहिला तास संपेपर्यंत रांगेविना वर्गात घ्यायचे असे ठरवले. ‘मग सगळेच पाण्याचे कारण सांगतील,’ अशी हरकत शिक्षकांच्या सभेत आली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. दोन-तीन बहाद्दरांनी तसे केलेही. वर्गशिक्षिकांना पाण्याचे दिवस पाठ झाले तेव्हा ते आपोआप थांबले. उशीर करणारी मुले संपली नाहीत. मात्र जी उरली त्यांच्याशी काय बोलायचे हे आता आम्हाला ठाऊक होते, कारण त्यांची संख्या एका बाकावर बसेल इतकीच होती.

आता त्या दाखल्याच्या धमकीविषयी. 2009चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याचे कलम 17 मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते, आणि कलम 16 प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही असे सांगते. 2019 मध्ये नापास न करण्याची तरतूद सैल झाली तेव्हाही काढून टाकण्यावरची बंदी कायम राहिली. म्हणजे त्या सकाळी मी जी धमकी दिली ती पाळण्याचा मला अधिकारच नव्हता, आणि हे मला, एका शाळेच्या प्रमुखाला, तेव्हा ठाऊकही होते. जी शिक्षा आपण देऊ शकत नाही तिची धमकी देणारा माणूस मुलांना फार लवकर ओळखू येतो. ‘उलटून बोलणे’ कोठून सुरू होते याचा शोध घ्यायचा असेल तर तो येथून घ्यावा.

छडीची चर्चा आपण पुष्कळ करतो, पण त्याच कलम 17 मधल्या ‘मानसिक त्रास’ या शब्दांपाशी कोणी थांबत नाही. छडी बऱ्याच शाळांतून गेली, जीभ राहिली. विडी कामगाराच्या मुलीचे गणित चुकले की ‘‘तुला कशाला हवे गणित, विड्याच वळायच्या आहेत ना,’’ हे वाक्य मी माझ्या शिक्षककक्षात हसत सांगितलेले ऐकले आहे आणि, लाज वाटते पण लिहिते, त्या हसण्यात मीही होते. सोलापूरच्या हजारो घरांत त्याच विड्यांवर वह्या-पुस्तके आली आहेत, आणि आमच्या शाळेची पटसंख्या, म्हणजे पर्यायाने आमचे पगारसुद्धा, त्या घरांच्याच भरवशावर होते.

भाषेचे तसेच. पूर्व भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या मुलांच्या घरी कन्नड. मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी चांगली यायलाच हवी, याविषयी माझे दुमत नाही. मी स्वतः मराठीच शिकवीत होते. परंतु मधल्या सुट्टीत दोन मैत्रिणी तेलुगूत बोलल्या म्हणून त्यांना ओणवे उभे करण्याने कोणाची मराठी सुधारली? गंमत अशी की, ज्या परिपाठात आपण रोज ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा म्हणवून घेतो, ती प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिली गेली. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती 1962 मध्ये विशाखापट्टणमला लिहिली. मी हे परिपाठात सांगितले त्या दिवशी सातवीच्या रांगेत मुली एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, आणि मधल्या सुट्टीत एकीने धीर करून विचारले, ‘‘मॅडम, ती तेलुगूत म्हणून दाखवू?’’ आठवड्यातून एक दिवस तेलुगूत आणि एक दिवस कन्नडमध्ये प्रतिज्ञा सुरू झाली. त्याच प्रतिज्ञेत ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ असे वाक्य आहे. ते म्हणताना शिक्षकांच्या रांगेतले ओठ हलतात की नाही, एवढे मुख्याध्यापकांनी एकदा पाहावे.

तुकड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण शिस्तीचा निम्मा प्रश्न मला तेथेच सापडला. गुणांप्रमाणे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ लावण्याची पद्धत अजूनही पुष्कळ शाळांत आहे. ‘अ’ला अनुभवी शिक्षक, दक्षिणेकडची हवेशीर खोली आणि सगळ्या स्पर्धा, ‘ड’ला नवे शिक्षक, पत्र्याची खोली आणि मार्च महिन्यातले ऊन. मग दोन-तीन वर्षांनी आपण म्हणतो की ‘ड’ची मुले वाह्यात आहेत. साठ मुलांना पाचवीत सांगितले की तुम्ही उरलेले आहात, तर ती तसे वागून दाखवतात. त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

मी ज्या मुलाविषयी वर लिहिले, तो वर्गात सलग दहा मिनिटे बसत नसे. गणपतीच्या आधी एका संध्याकाळी घरी जाताना एका मंडळाचा लेझीमचा सराव पाहायला मी उभी राहिले. आपल्याकडे हा सराव किती दिवस आणि किती कडक चालतो, ते आपण जाणताच. पावसाची भुरभुर होती, हलगी वाजत होती आणि दुसऱ्या रांगेत तो होता. दीड तासात त्याचे पाऊल एकदाही चुकले नाही. एकदा शेजारच्या लहान मुलाची लेझीम उलटी पडली तर याने मान न वळवता, फक्त स्वतःची चाल क्षणभर मंद करून, त्याला परत तालात घेतले. कोणी शिटी वाजवली नाही, कोणी कोणाचे नाव फळ्यावर लिहिले नाही. सराव घेणारा पोरगा विशीचा असेल, आणि तो स्वतः सगळ्यांच्या पुढे, त्याच पावसात, तेच हात करीत होता.

मंडळांचा उदोउदो करण्याचा माझा हेतू नाही. त्याच मंडळांच्या आवाजाने परीक्षेच्या दिवसांत किती घरांत अभ्यास होत नाही ते मला ठाऊक आहे. पण बेशिस्त म्हणून ज्याला मी दाखल्याची धमकी दिली, त्याच्यापाशी शिस्त भरपूर होती. ती त्याने आम्हाला दिली नव्हती, कारण आमच्याकडे त्याच्यासाठी काही कामच नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही तुकड्या चिठ्ठ्या टाकून केल्या. ‘अ’च्या काही पालकांनी संस्थेकडे तक्रारी केल्या, एक शिक्षक माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, आणि पहिल्या घटक चाचणीत गोंधळ उडाला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. या बदलाचे दहावीच्या निकालापर्यंतचे फळ पाहायला मी शाळेत उरले नाही.

वर्गमंत्र्याने बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याची पद्धत तेवढी आजच बंद करावी; तिने मूल चहाडी शिकते, दुसरे काही नाही.

आता खुर्चीविषयी. खासगी शाळांसाठीची 1981ची सेवाशर्ती नियमावली सांगते की पात्र शिक्षकांपैकी जो सेवाज्येष्ठ त्याला मुख्याध्यापक करावे. हा नियम वशिलेबाजीला आळा घालण्यासाठी आहे आणि तो काढून टाका असे मी म्हणणार नाही. तो नसता तर काय झाले असते ते आपण सर्वच जाणतो. पण त्याचा एक परिणाम असा की पुष्कळांच्या हाती हे पद पन्नाशीच्या अखेरीस येते, 58व्या वर्षी निवृत्ती असते, आणि मधल्या दीड-दोन वर्षांत माणूस पेन्शनचे कागद आणि शाळेचे कागद एकाच वेळी करीत असतो. माझी नेमणूक शुक्रवारी झाली आणि सोमवारी मी त्या खुर्चीत होते. आदल्या मुख्याध्यापकांकडून मला जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर, सेवापुस्तके, शिक्के आणि सात कपाटांच्या किल्ल्या यादीप्रमाणे मिळाल्या. आम्ही दोघांनी पानापानावर सह्या केल्या. कोणत्या वर्गात कोणते मूल अडचणीत आहे, कोणत्या दोन शिक्षकांमध्ये बोलणे नाही, कोणत्या वस्तीतल्या मुली आठवीनंतर गळतात, यातले काहीच त्या यादीत नव्हते.

शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांना यात एक विनंती आहे. सेवाज्येष्ठतेने पुढचा मुख्याध्यापक कोण हे वर्षभर आधी कागदावर दिसत असते. त्या व्यक्तीला निदान शेवटचे सत्रभर आधीच्या मुख्याध्यापकाबरोबर बसू द्यावे, निम्मे तास कमी करून द्यावेत. यासाठी नियमावली बदलावी लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागते. दुसरे असे की, सकाळी साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आज दुपारपर्यंत माहिती सादर करा’ असा निरोप येतो आणि ती माहिती बहुधा यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, आधीच भरलेली असते. शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), संचमान्यता (पटानुसार शिक्षकांच्या पदांची मंजुरी), आधार जुळणी, पोषण आहाराची रोजची नोंद ही कामे आवश्यक आहेत हे मान्य. परंतु शाळा भरण्याच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा पहिला तास मुख्याध्यापकाला कोणी फोन करणार नाही, बैठकीला बोलावणार नाही, एवढी एक ओळ आपल्या कार्यालयातून लेखी यावी. त्या वेळात मुख्याध्यापकाने फाटकापाशी उभे राहावे. मी ते फार उशिरा सुरू केले. येणाऱ्या मुलाचे नाव घेऊन ‘ये’ म्हणायला काही लागत नाही, आणि रात्री कोणाच्या घरी भांडण झाले, कोणाच्या खिशात काय आहे, कोण कोणाला टाळतो आहे, हे चालण्यावरूनच अर्धे कळते.

खिशावरून आठवले. 2003च्या तंबाखूविषयक कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, आणि आपल्याकडे शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून टपरी असते. मुलांची दप्तरे तपासून माव्याच्या पुड्या काढण्याचा कार्यक्रम मीही केला आहे. मग एक दिवस नववीच्या मुलाने मान खाली घालून विचारले, ‘‘सरांच्या खिशातली पण काढणार का, मॅडम?’’ तो उद्धट होता असे शिक्षककक्षाचे मत पडले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

स्वच्छतागृहांविषयी एवढेच लिहिते की, शिक्षकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली असते आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडीही नसते, अशा शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेऊ नये. मुख्याध्यापिकेने आठवड्यातून एकदा मुलींचेच स्वच्छतागृह वापरावे. मी वापरू लागले आणि तीन दिवसांत कडी बसली.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना सांगायचे ते थोडे कडू आहे. शाळेत वागण्याची एक उतरंड असते. पदाधिकारी मुख्याध्यापकाला सर्वांसमोर एकेरीत बोलतात, मुख्याध्यापक तो राग शिक्षकावर काढतो, शिक्षक शिपायावर, आणि सगळ्यात खालचे मडके मुलाचे असते. त्याला फोडायला पुढे कोणी नसते म्हणून ते बाक फोडते. आपण शाळेत येता तेव्हा शिपायाशी कसे बोलता हे खिडकीतून चाळीस डोळे पाहत असतात. प्रवेशासाठी, बदलीसाठी, एखाद्याच्या गुणांसाठी आपला फोन येतो तेव्हा शाळेत त्याची बातमी घंटेच्या आधी पोचलेली असते. ‘शिस्त लावा’ असे त्याच मुख्याध्यापकाला सांगण्यात मग अर्थ उरत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या सर्वांनाच अभिमान वाटला. त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले, ते मला पुरस्कारापेक्षा अधिक लक्षात राहिले. आपल्या शाळांत नवे काही करू पाहणाऱ्या शिक्षकाला आपण काय देतो? बहुधा आणखी एक समिती आणि सहकाऱ्यांचे टोमणे. ज्या शिक्षिकेने पाण्याचे दिवस भिंतीवर लिहून ठेवले, तिला मी एका कागदावर चार ओळींचे आभारपत्र दिले होते. निरोप समारंभाच्या दिवशी तिने ते सेवापुस्तकात लावता येईल का असे विचारले. तशी सोय नसल्याचे मला सांगावे लागले.

जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी प्रत्येक मुख्याध्यापकांनी गेल्या वर्षीची उशिरा येणाऱ्यांची वही, शिक्षांची नोंद ठेवत असल्यास ती, आणि गळालेल्या मुलांची यादी एकत्र घेऊन दोन-तीन वर्गशिक्षक आणि शिपाई यांच्यासह एक दुपार बसावे, शाळा व्यवस्थापन समितीतील एक-दोन आयांना चहाला बोलवावे, आणि तारखा, वस्त्या व घरची कामे लावून पाहावीत, अशी माझी विनंती आहे. संस्थेने त्या दुपारी दुसरे काही काम सांगू नये.

मला यासाठी व्याख्यानाला वा शिबिराला बोलावू नये. ती मी पुष्कळ ऐकली आणि दोन-चार दिलीही. परंतु पहिल्या आठवड्यात फाटकापाशी उभे राहायला कोणा मुख्याध्यापकांना सोबत हवी असेल तर निरोप द्यावा. साडेदहाला पोचेन. फक्त आमच्याकडे पाण्याचा दिवस नसावा.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
सोलापूर